माशी आणि पक्ष्याचा डोळा

कांहीं कथांचें भाग्य असें असतें कीं त्यांचा अर्थ काय, हें विचारण्याची वेळ कोणावर येतच नाहीं. त्या लहानपणीं कानांवर पडतात, पुढें त्यांचें उपमेंत रूपांतर होतें, आणि शेवटीं ती उपमाच प्रमाण म्हणून पुढें करण्यांत येते. द्रोणाचार्यांनीं कुरुकुमारांची घेतलेली परीक्षा ही अशांपैकींच एक कथा होय. झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला पक्षी, धनुष्य ओढून उभे राहिलेले राजपुत्र, ‘तुला काय दिसतें?’ हा आचार्यांचा प्रश्न, आणि पक्ष्याच्या डोळ्यावांचून दुसरें कांहींच दिसत नाहीं हें अर्जुनाचें उत्तर, इतकें सांगितलें कीं सांगणाऱ्याला आणखी कांहीं सिद्ध करावें लागत नाहीं. बक्षीससमारंभाचे अध्यक्ष, दहावीच्या वर्गाचे शिक्षक, मुलाच्या गुणांची काळजी वाहणारे वडील आणि व्यवसायांत यश कसें मिळवावें हें शिकविणारे ग्रंथकार हे सर्व त्या एका डोळ्याच्या आधारावर निर्धास्त उभे आहेत. साध्यावर दृष्टि खिळवा, बाकी सर्व विसरा, म्हणजे बाण आपोआप लागेल, असा या उपदेशाचा मथितार्थ आहे.

या उपदेशाची नीतीच्या अंगानें परीक्षा करण्यापूर्वीं ती त्या विद्येच्याच अंगानें करून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कारण नेम मारण्याची विद्या कांहीं लुप्त झालेली नाहीं. एका हातांत पिस्तूल धरून लक्ष्य वेधण्याची जी कला आज ऑलिंपिक सामन्यांतून चालते, तिच्यावर गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. वॉल्टर विनन्स या अमेरिकन गृहस्थानें ‘दि आर्ट ऑफ रिव्हॉल्व्हर शूटिंग’ हा ग्रंथ १९०१ सालीं प्रसिद्ध केला. या गृहस्थाला १९०८ च्या ऑलिंपिकमध्यें नेमबाजीचें आणि १९१२ च्या ऑलिंपिकमध्यें शिल्पकलेचें सुवर्णपदक मिळालें होतें. त्यानंतर सैन्यांच्या शिक्षणपुस्तिका झाल्या, शिक्षकांचे ग्रंथ झाले, खेळाडूंचीं आत्मचरित्रें झालीं. हें वाङ्मय ललित नाहीं. परंतु मनुष्याचें मन आणि त्याचा हात यांच्या संबंधाविषयीं त्यांत जितकें प्रामाणिक निरीक्षण सांपडतें, तितकें आमच्या उपदेशपर वाङ्मयांत क्वचितच सांपडेल. पुठ्ठ्यावर पडलेलें भोंक कोणाचीही भीड धरीत नाहीं, हें त्याचें कारण असावें.

प्रथम मूळ कथाच पाहूं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिचें आदिपर्व विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादकत्वाखालीं १९३३ सालीं पूर्ण झालें. त्यांत ही परीक्षा आहे. पण तींत डोळा नाहीं. कारागिरांकडून करविलेला एक कृत्रिम भास पक्षी वृक्षाच्या अग्रावर ठेवलेला आहे, आणि त्याचें मस्तक खालीं पाडावें अशी आचार्यांची आज्ञा आहे. युधिष्ठिराला वृक्ष दिसतो, आचार्य दिसतात, भाऊ दिसतात आणि पक्षीही दिसतो. त्याला बाजूस सारण्यांत येतें. इतरांचीही तीच गत होते. अर्जुनाला प्रथम केवळ पक्षी दिसतो, आणि पुन्हां विचारल्यावर पक्ष्याचें मस्तक दिसतें, अंग दिसत नाहीं. मस्तकाचा डोळा पुढील कथेकऱ्यांनीं केला. त्यांत नवल नाहीं. लक्ष्य जितकें लहान तितकी एकाग्रता मोठी, असा ऐकणाऱ्याचा हिशेब असतो, आणि कथेकरी त्या हिशेबाला धरूनच वागतो.

परंतु याहून महत्त्वाची एक गोष्ट आपल्या दृष्टीआड झाली आहे. ही परीक्षा द्रोणांनीं घेतली ती शिष्यांचें अस्त्रशिक्षण पुरें झाल्यानंतर. बाण कसा धरावा, प्रत्यंचा कोठवर ओढावी, ती कशी सोडावी, हें सर्व अर्जुनाच्या अंगीं तेव्हां पूर्णपणें मुरलेलें होतें. म्हणजे विद्येच्या शेवटच्या दिवशीं सिद्ध झालेल्या शिष्याच्या मनाची जी स्थिति होती, तिचें वर्णन आपण पहिल्या दिवसाचा पाठ म्हणून मुलांपुढें ठेवीत आलों आहों. फळ दाखवून तेंच बीं म्हणून पेरावयास सांगावें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

आतां पहिल्या दिवसाचा पाठ खरोखर काय असतो, तें पिस्तुलाच्या विद्येंत पाहूं. हवेच्या पिस्तुलाचा सामना दहा मीटर अंतरावर होतो. छर्ऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर असतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. त्याच्या भोंवतीं आठ आठ मिलिमीटर रुंदीचीं नऊ, आठ, सात अशीं उतरत्या गुणांचीं कडीं असतात, आणि सातापर्यंतचा भाग काळा रंगविलेला असतो. पिस्तुलाचें वजन दीड किलोग्रॅमहून अधिक असूं नये, चाप ओढण्यास निदान पांचशें ग्रॅमचा जोर लागलाच पाहिजे, आणि दुसऱ्या हाताचा आधार घेतां कामा नये, असे नियम आहेत. पाऊण तास अधिक अर्धा तास, म्हणजे पंचाहत्तर मिनिटांत, साठ नेम मारावयाचे असतात.

पिस्तुलाच्या पुढल्या टोंकाशीं एक लहानशी उभी पट्टी असते. तिला आपल्या भाषेंत माशी म्हणतात. मागच्या बाजूस, डोळ्याच्या जवळ, एक चौकोनी खांच असते. खांचेच्या बरोबर मध्यभागीं माशी दिसावी, तिच्या दोहों बाजूंस सारखाच उजेड राहावा, आणि दोहोंचे माथे एका रेषेंत यावे, म्हणजे नजर सरळ बसली. यापुढें खरी अडचण सुरू होते. डोळ्यासमोर आतां तीन वस्तु आहेत: खांच हातभर अंतरावर, माशी तिच्या थोडी पुढें, आणि लक्ष्य तेथून दहा मीटरांवर. मनुष्याच्या डोळ्याचें भिंग एका वेळीं एकाच अंतरावर नीट बसतें. तिन्ही वस्तु एकदम स्पष्ट दिसणें हें देहधर्माच्या विरुद्ध आहे. तेव्हां तिहींपैकीं कोणती स्पष्ट पाहावी?

अर्जुनाच्या कथेवर वाढलेला विद्यार्थी तत्काळ उत्तर देईल कीं लक्ष्य. पिस्तुलाचा शिक्षक त्याला तेथेंच थांबवितो. पाहावयाची ती माशी. तिची कडा केसासारखी रेखीव दिसली पाहिजे, खांच किंचित् पुसट दिसली तरी चालेल, आणि लक्ष्य म्हणजे दूरवरचा एक धूसर काळा ठिपका, एवढेंच त्याचें स्वरूप राहिलें पाहिजे. लक्ष्य स्पष्ट दिसूं लागलें कीं नेमबाजानें समजावें, आपली नजर माशीवरून सुटली आणि आतां नेम चुकणार.

याचें कारण साध्या भूमितींत आहे. खांच आणि माशी यांत बत्तीस सेंटिमीटरांचें अंतर आहे असें धरूं. माशी खांचेंत एका बाजूला केवळ एक मिलिमीटर कलली, तर दहा मीटरांवर छर्रा सुमारें एकतीस मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाचा नेम सातावर येतो. उलटपक्षीं माशी व खांच यांचा मेळ बिनचूक राखून सबंध हातच पांच मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही पांचच मिलिमीटर सरकतो, आणि दहाचे दहा कायम राहतात. जवळची चूक दूर जाऊन तीसपट होते. हात हलल्याची चूक मात्र होती तेवढीच राहते. लक्ष्याकडे डोळे लावून बसणाऱ्याला दुसरी चूक दिसते आणि तो तिच्याशीं झगडत बसतो. पहिली चूक त्याला दिसतच नाहीं, आणि त्याचा घात करते ती तीच.

नवल येथेंच संपत नाहीं. बहुतेक नेमबाज माशीचा माथा दहाच्या वर्तुळावर धरीतच नाहींत. तो काळ्या भागाच्या खालीं, पांढऱ्यांत धरतात. काळ्यावर काळी माशी नीट उठून दिसत नाहीं, म्हणून खांच अशी बसवून घेतलेली असते कीं खालीं पाहिलें असतां छर्रा वर जाऊन मध्यभागीं लागावा. म्हणजे ज्याला दहाचें वर्तुळ वेधावयाचें आहे तो त्या वर्तुळाकडे पाहतही नाहीं आणि पिस्तूलही त्यावर रोखीत नाहीं. एवढेंच काय, घरच्या सरावाचा जो पहिला धडा आहे, त्यांत लक्ष्यच नसतें. शस्त्र रिकामें असल्याची खात्री करून कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढें उभें राहावयाचें, हात उचलावयाचा, माशी पाहावयाची आणि ती न हलवितां चाप ओढावयाचा. असें शेंकडों वेळां, महिनोन् महिने. द्रोणाचार्यांनीं पक्षी टांगला. हे आचार्य पक्षी काढून घेतात.

चापाचें प्रकरण तर मानसशास्त्राचाच विषय आहे. लांबविलेल्या हातांतील पिस्तूल कोणाचेंही पूर्ण स्थिर राहत नाहीं. जगज्जेत्याचेंही राहत नाहीं. तें एका लहानशा वर्तुळांत डोलत असतें. नवशिक्याला हें डोलणें सहन होत नाहीं. माशी मध्यावर आली त्या क्षणीं चाप हिसकावा असें त्याला वाटतें, आणि त्या हिसक्यानेंच पिस्तूल मध्यावरून ढळतें. मोठ्या काडतुसाचें पिस्तूल असल्यास आणखी एक भर पडते: आवाज व धक्का यांच्या भीतीनें मनगट आधींच आंखडतें. शिक्षक यावर युक्ति योजतात. शिष्याच्या नकळत खऱ्या काडतुसांत एखादें फुसकें काडतूस मिसळून ठेवतात. चाप ओढल्यावर आवाज होत नाहीं, धक्का बसत नाहीं, आणि तरीही पिस्तुलाचें तोंड खालीं गेलेलें शिष्य आपल्या डोळ्यांनीं पाहतो. आपला शत्रु पिस्तुलांत नसून आपल्याच मनगटांत आहे, हें त्याला व्याख्यानावांचून पटतें.

यावरचा उपाय असा कीं डोलणें मान्य करावें, नजर माशीवर ठेवावी, आणि चापावरचा दाब सरळ मागच्या दिशेनें, न थांबतां, हळूहळू वाढवीत न्यावा. नेम नेमक्या कोणत्या क्षणीं सुटेल हें नवशिक्याला ठाऊकच नसावें. ठाऊक नसल्यामुळें त्या क्षणासाठीं आंखडावयाला त्याच्या मनगटाला अवसर मिळत नाहीं. श्वास अर्धा सोडून जो स्वाभाविक विराम येतो, त्या विरामांत हें व्हावें. सहा-आठ सेकंदांत नेम सुटला नाहीं तर डोळा थकतो, स्नायु कापूं लागतात. मग हट्ट न धरतां हात खालीं घ्यावा आणि पुन्हां प्रथमपासून आरंभ करावा. हात खालीं घेणें हेंच पुष्कळांना सर्वांत कठीण जातें. नेम सुटल्यावरही क्षणभर माशीवरची दृष्टि काढूं नये. आणि पुठ्ठा पाहण्यापूर्वींच, छर्रा कोठें लागला असावा हें आपल्याशीं सांगावें. जो हें बिनचूक सांगूं शकतो त्याची विद्या वाढते, मग गुण कमी पडोत कीं अधिक. जो सांगूं शकत नाहीं त्याचे दहा गुण हेही केवळ दैवानें दिलेले असतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अर्जुनाच्या धनुष्याला माशीही नव्हती आणि खांचही नव्हती. चेंडू झेलणारा जसा हाताकडे न पाहतां चेंडूकडे पाहतो, तसा जुन्या पद्धतीचा धनुर्धर लक्ष्याकडेच पाहतो आणि हाताचें काम हातावर सोंपवितो. तेव्हां धनुर्विद्येपुरतें अर्जुनाचें उत्तर योग्य मानण्यास आमची हरकत नाहीं. आमची हरकत आहे ती त्या उत्तराचा सार्वत्रिक नियम करण्याला. परीक्षेचा अभ्यास, शास्त्रीय संशोधन, गायन, लेखन यांत साधन आणि साध्य यांच्यामध्यें माशी व खांच यांच्यासारखे पुष्कळ दुवे असतात. आणि तेथें साध्यावर दृष्टि खिळविणारा हटकून जवळची चूक दूरवर तीसपट करून घेतो.

धनुष्याचा विषय निघालाच आहे, तर या बाबतींत जगभर गाजलेल्या एका पुस्तकाचा परामर्श घेणें अवश्य आहे. ऑयगेन हेरिगेल हा जर्मन तत्त्वज्ञ १९२४ ते १९२९ या काळांत जपानमधील सेंदाई येथील विद्यापीठांत अध्यापक होता. तेथें आवा केंझो या आचार्यांपाशीं तो धनुर्विद्या शिकला, आणि पुढें १९४८ सालीं त्यानें झेन पंथ आणि धनुर्विद्या यांवरचें आपलें छोटेंसें पुस्तक जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलें. १९५३ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि तेव्हांपासून एकाग्रतेवर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या हातांत हें पुस्तक असतें. गंमत अशी कीं आपल्याला बंदूक व पिस्तूल चालविण्याचा अनुभव असल्यामुळें धनुर्विद्या सोपी जाईल, अशी हेरिगेलची आरंभीं समजूत होती. ती लवकरच नाहींशी झाली. प्रत्यंचा सोडतांना त्याचा हात दर वेळीं हिसका खाई. अखेर एका सुटीत त्यानें बोटें अलगद सैल करण्याची एक युक्ति बसविली. आचार्यांनीं ती ओळखली आणि रागावून त्याला शिकविण्याचें बंद करण्यापर्यंत मजल गेली. पुढें पुष्कळ काळानें एके दिवशीं बाण सुटला, आचार्यांनीं नमस्कार केला, आणि बाण हेरिगेलनें सोडला नाहीं, ‘त्या’नें सोडला, असा निर्वाळा दिला.

या पुस्तकाचे गुण नाकबूल करणें अन्यायाचें होईल. शिकणाऱ्याची निराशा, त्याचा हट्ट, स्वतःला फसविण्याची त्याची हातोटी, यांचें इतकें निर्मळ चित्र फार थोड्या ग्रंथांत आहे. साध्याचा लोभच साधनाच्या आड येतो, हें त्याचें प्रतिपादन पिस्तुलाचा कोणताही शिक्षक मान्य करील. परंतु ‘तो’ कोण, या प्रश्नापाशीं पुस्तकाची वाट चुकते. १९३६ पासून हेरिगेल हा विषय मांडीत होता. त्याला जपानी भाषा बेताचीच येत होती आणि आचार्यांचें बोलणें त्याच्यापर्यंत दुभाष्यामार्फत येत असे. यामादा शोजी या जपानी अभ्यासकानें २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या सर्व प्रकरणाची कसून छाननी केली आहे. आवा हे झेन पंथाचे साधक नव्हते, त्यांचा स्वतःचा निराळाच पंथ होता. आणि ‘त्या’नें बाण सोडला, हें वाक्य बहुधा ‘हां, आतां जमलें’ एवढ्याच अर्थाच्या जपानी उद्गाराचें विपरीत भाषांतर असावें, असें त्याचें अनुमान आहे. अंधारांत आचार्यांनीं सोडलेला दुसरा बाण पहिल्या बाणाला चिरीत गेला, हा पुस्तकांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग. तो केवळ योगायोग होता असें खुद्द आवा यांनीं पुढें आपल्या शिष्याजवळ म्हटल्याचें यामादानें नमूद केलें आहे.

आमच्या मतें हें अनुमान मान्य केल्यानें पुस्तकाची किंमत कमी होत नाहीं; उलट तें मुक्त होतें. ‘बाण मीं सोडला नाहीं, तो सुटला’ हा अनुभव खरा आहे. पिस्तुलाचा चाप हळूहळू ओढणारा कोणताही कारकून किंवा शिपाई तो सांगतो. त्याचें कारणही वर आलेंच आहे: क्षण ठाऊक नसल्यामुळें मनगट आंखडत नाहीं. या साध्या कारणाला गूढाची वस्त्रें चढविलीं कीं दोन अनर्थ होतात. ज्याला तो अनुभव येत नाहीं तो आपल्या अंगीं दैवी कृपा नाहीं असें मानून हताश होतो, आणि ज्याला एकदां येतो तो स्वतःला सिद्ध समजूं लागतो. ‘हां, जमलें’ या उद्गारांत मात्र विद्येचा सगळा सौजन्यपूर्ण व्यवहार आहे. त्यांत उद्यांच्या सरावाला जागा आहे. शिवाय गूढवादाला एक प्रश्न अडचणीचा आहे. पंचवीस मीटरांच्या सामन्याच्या दुसऱ्या भागांत हात खालून वर आणून नेम मारावयास दर वेळीं तीनच सेकंद मिळतात. तेथें ‘तो’ सोडील म्हणून वाट पाहत बसणाऱ्याचा नेम सुटणारच नाहीं. अशा सामन्यांत, १९१८ सालीं नव्हे तर परवां २०१८ सालीं, जाकार्ता-पालेंबांग येथील आशियाई क्रीडांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं सुवर्णपदक मिळविलें. आशियाई क्रीडांत नेमबाजीचें वैयक्तिक सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या तीन सेकंदांत जें काम करतें त्याचें नांव अभ्यास.

अभ्यास हा शब्द आला आणि आपण पुन्हां आदिपर्वाकडे वळलों. कारण त्याच अध्यायांत, पक्ष्याच्या परीक्षेच्या आधीं, दुसरी एक लहानशी कथा आहे. अर्जुनाला अंधारांत कधीं जेवावयास वाढूं नये, अशी द्रोणांची आचाऱ्याला ताकीद होती. एके रात्रीं अर्जुन जेवीत असतां वाऱ्यानें दिवा विझला. जेवण चालूच राहिलें. हात संवयीनें तोंडाशीं जातच होता. अर्जुन त्यांतून उमजला, आणि रात्रीं अंधारांत धनुष्याचा सराव करूं लागला. प्रत्यंचेचा तो आवाज ऐकून द्रोण आले आणि त्यांनीं त्याला पोटाशीं धरलें. या कथेंत पक्षी नाहीं, डोळा नाहीं, पाहण्यासारखें कांहींच नाहीं. कोऱ्या भिंतीपुढें चाप ओढणाऱ्या नेमबाजाचीच ही कथा आहे. अर्जुनाची धनुर्विद्या कशी घडली हें जर कोणती कथा सांगत असेल तर ती ही. पक्ष्याची कथा, ती घडून गेल्यानंतर ती कशी दिसली, एवढेंच सांगते. आमच्या बक्षीससमारंभांनीं मात्र नेमकी पहिली टाकून दुसरी उचलली.

या दोन कथांच्या मध्यें एकलव्याची कथा येते, आणि तीही याच अर्थाला बळकटी आणते. एकलव्याची विद्या मोडावी असें ठरल्यावर द्रोणांनीं त्याच्याकडे डोळा मागितला नाहीं, अंगठा मागितला. विद्या कोठें वसते हें त्या क्रूर मागणीच्या क्षणीं आचार्यांना नीट ठाऊक होतें. त्यानंतर एकलव्य बोटांनीं बाण सोडूं लागला, पण पूर्वींची चपळता राहिली नाहीं, असें महाभारत सांगतें. या कथेला इतिहासानें जणूं एक उत्तर दिलें आहे. कारोली ताकाच हा हंगेरियन सैनिक पिस्तुलाचा निष्णात नेमबाज होता. १९३८ सालीं लष्करी शिक्षणाच्या वेळीं हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानें डाव्या हाताला पहिल्यापासून शिकविलें. १९४८ सालीं लंडनला आणि १९५२ सालीं हेलसिंकीला, जलद नेमबाजीचें सुवर्णपदक त्यानें त्या डाव्या हातानें मिळविलें. त्याचा डोळा पूर्वींचाच होता. दहा वर्षें त्यानें घालविलीं तीं मूठ, मनगट आणि बोट यांवर. आमच्या अभिनव बिंद्रा यांचें २०११ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्रही, विषय बंदुकीचा असला तरी, याच कारणानें वाचनीय आहे. २००८ च्या बीजिंगच्या सुवर्णपदकापेक्षां त्यामागच्या बारीकसारीक साधनांच्या ध्यासानेंच त्याचीं बहुतेक पानें व्यापलीं आहेत.

आतां शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मतें तोच मुख्य. पक्ष्याच्या कथेंतील अर्जुन आणि गीतेंतील अर्जुन एकच आहे, हें आपण विसरतों. कुरुक्षेत्रावर रथ दोन्ही सैन्यांच्या मध्यें उभा राहिला तेव्हां त्याला काय दिसलें? आचार्य दिसले, भाऊ दिसले, मामे, मित्र आणि नातू दिसले. वृक्षाखालीं युधिष्ठिराला जें दिसलें होतें आणि ज्यासाठीं त्याला बाजूस सारण्यांत आलें होतें, अगदीं तेंच. त्यांतून ज्यांचीं मस्तकें पाडावयाचीं, त्यांत तो प्रश्न विचारणारे द्रोणच एक होते. धनुष्य हातांतून गळलें. म्हणजे केवळ लक्ष्य पाहण्याचें शिक्षण, खऱ्या लक्ष्यापुढें उभें राहण्याची वेळ आली तेव्हां उपयोगीं पडलें नाहीं. आणि त्या वेळीं श्रीकृष्णानें त्याला जो उपदेश केला तो ‘मस्तक तेवढें पाहा’ असा नव्हता. कर्म आपल्या अधिकारांतलें, फळ नव्हे, हा तो उपदेश. पिस्तुलाच्या भाषेंत सांगावयाचें तर माशी आपल्या हातांतली आहे, लक्ष्य नाहीं.

हें आम्हीच ओढून ताणून जुळवितों आहों असें कोणीं म्हणूं नये. २०२१ सालीं झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें मनु भाकर हिचें पिस्तूल ऐन सामन्यांत बिघडलें आणि पदकाची आशा संपली. २०२४ सालीं पॅरिसला तिनें हवेच्या पिस्तुलाचें कांस्यपदक मिळविलें, आणि त्यानंतर बोलतांना, आपण गीता वाचीत होतों व अंतिम सामन्यांत फळाचा विचार सोडून आपलें काम करण्याचा तो उपदेश मनांत धरला होता, असें सांगितलें. दहा मीटरांवरील काळा ठिपका धूसर ठेवून माशीकडे पाहणाऱ्या मुलीला गीतेंतील तो विचार आठवावा, हें शास्त्रदृष्ट्याही अगदीं यथार्थ आहे.

तेव्हां परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलाला अर्जुनाची गोष्ट सांगावयाचीच असेल तर अवश्य सांगावी. पण कोणती सांगावयाची, याचा विचार करावा. शेंकडा किती गुण मिळाले पाहिजेत हा झाडावरचा पक्षी आहे. त्याकडे टक लावून बसणाऱ्या मुलाचा हात हिसका खातो, हें आमच्यासारख्या शिक्षकाला वर्षानुवर्षें उत्तरपत्रिकांतून दिसत आलें आहे. चुकल्यावर हात खालीं घेऊन पुन्हां आरंभ करण्याची मोकळीक, आणि निकाल लागण्यापूर्वीं आपलें कोठें चुकलें हें स्वतःशीं प्रामाणिकपणें सांगण्याची संवय, या दोन गोष्टी त्याला देतां आल्या तर पक्ष्याची चिंता करण्याचें कारण नाहीं. दिवा विझल्यावरही ज्याचा हात घांस न सांडतां तोंडाशीं जातो, त्याला उद्यां उजेडांत काय दिसतें हें विचारण्याची आचार्यांना फारशी गरज पडत नाहीं.